अध्यक्षांनी सरकवलेलं प्यादं

बुद्धिबळातल्या सुरुवातींना युरोपातल्या शहरांची आणि देशांची नावं असतात. बार्शीच्या नावाची सुरुवात अजून कुणी काढलेली नाही. त्यामुळे आमच्या जिल्ह्यात खेळणाऱ्या माणसाला आपण घरच्या पटावर बसूनही परदेशी चाललो आहोत असं वाटत राहतं. मी हा प्रवास पाटबंधारे खात्यात असताना रजेच्या दिवशी करायचो आणि निवृत्तीनंतर रोज करतो. प्रगती म्हणावी तर फक्त चष्म्याच्या नंबरात झाली.

आमचा क्लब एका जुन्या वाचनालयाच्या वरच्या खोलीत भरतो. रविवारी सकाळपासून दुपारपर्यंत खोली आमची. पट आमचे, पंखा वाचनालयाचा. खोली फुकट मिळाली ती समितीच्या एका ठरावामुळे. ठरावात म्हटलं होतं की ‘जिल्हा लीगच्या अव्वल गटातील संघास’ खोली देण्यात येत आहे. अव्वल गट हे शब्द समितीला फार आवडले होते. वार्षिक अहवालात ते जाड अक्षरात छापले जायचे, आणि वाचकसंख्या त्याच्या खाली, बारीक.

यंदा आम्ही गटाच्या तळाशी होतो. शेवटच्या सामन्यात चार पटांवर मिळून निदान दीड गुण मिळाला तर गटात राहणार, नाहीतर खाली. आणि खाली गेलो तर खोली हास्यक्लबाला जाणार, हेही ठरलं होतं. हास्यक्लबाची माणसं तेव्हा बागेत हसायची. पण ती हसायला लागली की बागेतली कुत्री भुंकायची, आणि त्यांना बंद जागा हवी होती. त्यांचे प्रमुख दोन वेळा येऊन खोली बघून गेले. दुसऱ्या वेळी त्यांनी भिंतीवर टिचक्या मारून आवाज घुमतो का ते पाहिलं. आमच्यापैकी कुणी काही बोललं नाही. आपलं घर बघायला आलेल्या गिऱ्हाइकाशी काय बोलणार?

आमचा कॅप्टन चाळिशीतला, सोलापूरच्या पूर्व भागातला, टॉवेलच्या कारखान्याचा मालक. घरी तेलुगू, कारखान्यात हिंदी आणि आमच्याशी मराठी बोलतो. त्याने मला पहिल्या पटावर घातलं. मी सगळ्यांत चांगला खेळतो म्हणून नव्हे. पहिल्या पटावर समोरचा तगडाच येतो, आणि हरल्यावर ज्याचा चेहरा कमी उतरतो असा मीच होतो.

“काका, तुम्ही अर्धा आणा,” तो म्हणाला. “पूर्ण नको. अर्धाच. बाकीचं आम्ही तिघं बघतो.”

“आणि नाही आणला तर?”

“तर उद्यापासून हसायची प्रॅक्टिस करा.”

माझ्यासमोर येणारा मुलगा तिशीतला होता. मूळचा दुधनीकडचा, सोलापुरात एका शिक्षणसंस्थेत तासिका तत्त्वावर गणित शिकवणारा. म्हणजे तास घेतला तर पैसे, सुट्टी लागली तर राम राम, आणि दर जूनमध्ये पुन्हा मुलाखत. पांढऱ्या सोंगट्या असल्या की तो नेहमी एकच सुरुवात खेळतो, हे सगळ्या जिल्ह्याला माहीत होतं. मी महिनाभर त्याच एका सुरुवातीचा अभ्यास केला. पुस्तकं वाचली, मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. बायको म्हणाली, “नोकरीत एवढा अभ्यास केला असतात तर कार्यकारी अभियंता होऊन निवृत्त झाला असतात.” ते खरं नव्हतं. आमच्या खात्यात अभ्यासाने कुणी वर गेलेलं मी पाहिलेलं नाही.

सामना त्या मुलाच्याच संस्थेच्या सभागृहात होता. चार पट असतात, त्यांतले तीन खाली मांडलेले आणि पहिला व्यासपीठावर. मागे फ्लेक्स. त्यावर खेळाडूंची नावं नव्हती, संस्थेच्या अध्यक्षांचा फोटो होता आणि शेजारी एक घोडा. घोडा आकाराने लहान होता.

अध्यक्ष वैरागकडचे. सत्तरीच्या पुढचे, उंच, पांढरा सदरा, आवाज असा की माइक ही केवळ औपचारिकता. त्यांचा सत्कार चादर देऊन झाला. सोलापुरात प्रतिष्ठित माणसाच्या घरी इतक्या चादरी जमतात की त्याला थंडी वाजण्याची काही शक्यता उरत नाही. मग भाषण. जीवन हे बुद्धिबळ आहे, असं ते म्हणाले. बुद्धिबळाच्या उद्घाटनात ते म्हणावंच लागतं. नेत्रशिबिरात जीवन दृष्टी असतं आणि मॅरेथॉनला शर्यत. पण पुढे कागद बाजूला ठेवून ते आपल्या बोलीत आले, तेव्हा मी जागा झालो.

“आमी पोरपणी देशी डाव खेळायचो,” ते म्हणाले. “त्यात प्यादं एकच घर जायाचं. आता बघतो तर पयल्या झटक्यात दोन घरं पळतंय. आवं, पळणारं प्यादं म्हंजी काय प्यादं हाय व्हय?”

टाळ्या झाल्या. मग उद्घाटनाची चाल.

याची एक ठरलेली रीत आहे. प्रमुख पाहुणे पहिल्या पटावर पांढऱ्याचं एखादं प्यादं सरकवतात. फोटो निघतो. पाहुणे पुढच्या कार्यक्रमाला जातात. मग पंच गुपचूप प्यादं जागेवर ठेवतात आणि खरा डाव सुरू होतो. पंतप्रधानांपासून पतसंस्थेच्या संचालकापर्यंत कुणाचीही चाल मोजली जात नाही.

अध्यक्षांनी पटावर नजर फिरवली आणि राजाशेजारच्या उंटापुढचं प्यादं एक घर सरकवलं.

ज्यांना खेळ येत नाही त्यांना एवढंच सांगतो की पहिल्या चालीला वीस पर्याय असतात, आणि त्यांत हा बहुतेक सगळ्यांत वाईट. ते घर घोड्याचं असतं. तिथे प्यादं बसलं की घोड्याने जायचं कुठे, हा प्रश्न. शिवाय राजाच्या अंगणातला तिरपा दरवाजा उघडा पडतो. शाळेतली पोरंसुद्धा अशी सुरुवात करत नाहीत, निदान दुसऱ्यांदा नाही.

“साहेब, हात तसाच ठेवा,” फोटोग्राफर म्हणाला. हात तसाच राहिला. फोटो झाला. मी सौजन्य म्हणून मान डोलावली.

आता अध्यक्षांनी जायचं. पण ते गेले नाहीत. शेजारची खुर्ची ओढून पटाला लागून बसले आणि हाताची घडी घातली.

पंच म्हणजे एक निवृत्त हेडमास्तर. त्यांनी प्याद्याकडे पाहिलं, मग त्या मुलाकडे पाहिलं. मुलाने अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्ष पटाकडे बघत होते. पंचांनी घसा साफ केला, माझ्याकडे बघून खांदे उडवले आणि घड्याळ सुरू केलं.

माझ्या महिन्याच्या अभ्यासाचं एका सेकंदात पाणी झालं. पण समोर पाहिलं तर त्या बिचाऱ्याचा चेहरा माझ्याहून वाईट होता. मला निदान ही चाल मान्य करावी लागत नव्हती. त्याला ती आता आपली म्हणून वाढवायची होती. हरला तर अध्यक्षांची चाल चुकली असा अर्थ निघणार, आणि जून महिना फार लांब नव्हता.

मी मधलं प्यादं दोन घरं पळवलं. अध्यक्षांनी नापसंतीने ‘हं’ केलं.

मुलाने घोडा पटाच्या कडेला नेला. दुसरीकडे कुठे नेणार? त्याच्या घरात प्यादं बसलं होतं. मी उंट काढला आणि त्याच्या राजाला किल्ल्यात जायची वाट तिरपी अडवली. प्रत्येक चालीनंतर त्याची नजर आधी अध्यक्षांकडे जायची, मग घड्याळाकडे. नियमाने बुद्धिबळात प्रतिस्पर्धी एक असतो. त्याला दोन होते, आणि मी त्यातला सौम्य.

चहा आला. खेळाडूंसाठी नव्हता, अध्यक्षांसाठी होता. त्यांनी कप माझ्यापुढे सरकवला.

“घ्या की काका. लई दमलेलं दिसताय.”

“नको, तुमचं चालू द्या.”

“माझं कुटं काय चाललंय? चाललंय ते ह्येचं.” त्यांनी त्या मुलाच्या पाठीवर थाप मारली. मुलाच्या हातातलं प्यादं पटावर पडलं. सुदैवाने योग्य घरात.

तासाभरात माझी बाजू भक्कम झाली. त्याचा राजा पटाच्या मधोमध अडकला होता. माझा हत्ती त्याच्या समोरच्या रांगेत येऊन उभा होता, मध्ये फक्त त्याचा एक उंट. खालच्या पटांवरचे निकाल लागले: कॅप्टन जिंकला, बाकीचे दोघे हरले. म्हणजे एक गुण झाला होता आणि उरलेला अर्धा माझ्या पटावर होता. कॅप्टन व्यासपीठाच्या पायरीपाशी येऊन उभा राहिला. बोलायची परवानगी नसल्यामुळे त्याने मला अर्धी चपाती दाखवावी तसा हात केला. अर्धा. अर्धाच.

मुलगा विचारात पडला. खूप वेळ. त्याचा राजा कुठेही गेला तरी अडचण होती. अध्यक्षांची खुर्ची एव्हाना इतकी पुढे आली होती की पटाची सावली आणि त्यांची सावली एक झाली होती. त्यांचा पाय हलत होता. मी उगाच पाण्याची बाटली उघडली.

“आवं, उडी हाय की अजून!”

आणि अध्यक्षांचा हात आला, त्यांनी पांढरा राजा उचलला आणि दोन घरं बाजूला, एक घर पुढे, प्याद्यांच्या आडोशाला नेऊन ठेवला.

“शह कुटं बसलाय ह्येला अजून? उडी शिल्लक हाय. हितं बस म्हणावं गपगुमान.”

आपल्या जुन्या देशी डावात तसा नियम आहे. शह बसायच्या आधी राजाला एकदाच घोड्यासारखी उडी मारता येते. माझ्या आजोबांकडून मी ऐकला होता. आंतरराष्ट्रीय नियमांत राजाला असली मुभा नाही. तिथे किल्ल्यात जाणं सोडलं तर राजा आयुष्यभर एक घर चालतो, म्हाताऱ्या माणसासारखा.

पंच लगबगीने आले.

“साहेब…”

“काय?”

“ही उडी… नव्या नियमांत नसते.”

“कवापासनं?”

पंचांनी विचार केला. “साधारण पहिल्यापासूनच.”

“मग नवं कसलं त्ये?”

पंचांकडे नियमांचं पुस्तक होतं. त्यांनी ते चाळलं. प्रेक्षकाने हस्तक्षेप केला तर काय, ते त्यात असावं. पण प्रमुख पाहुण्यांचा उल्लेख सापडेना. पायरीपाशी उभ्या कॅप्टनला आता राहवेना.

“काका, क्लेम करा! बाहेरच्या माणसाने राजा उचलला. पॉइंट आपला! लेखी द्या!”

खोली समोर येऊन उभी होती. चार ओळी खरडायच्या होत्या. पण कुणाविरुद्ध, आणि कुणाच्या सभागृहात, आणि त्यानंतर समोरच्या पोराचं काय, असे तीन प्रश्न एकदम आले. पंचांनी मला विचारलं, “तुमची तक्रार आहे का?”

मी म्हणालो, “नाही. राजा जागेवर ठेवा, बास.”

यात मोठेपणा फारसा नव्हता. मी जिंकत होतो. मोठेपणा परवडेल अशी स्थिती आयुष्यात क्वचित येते, ती वाया घालवू नये असं मला वाटलं. कॅप्टनने तेलुगूत काहीतरी म्हटलं. अर्थ विचारायचं धाडस मी आजवर केलेलं नाही.

पण राजा जागेवर ठेवणार कोण? पंचांचा हात निघाला आणि अर्ध्यात थांबला. तेवढ्यात तो मुलगा उठून उभा राहिला. सकाळपासून तो पुस्तकी मराठीत बोलत होता, ‘आपली चाल’, ‘क्षमा करा’ वगैरे. आता त्याच्या तोंडून घरचं आलं.

“साहेब, डाव माझा हाय. मला खेळू द्या की.”

मी अध्यक्षांच्या तोंडाकडे पाहायचं टाळलं. टेबलावरच्या कपाकडे पाहत राहिलो.

“तुझाच हाय की,” अध्यक्ष म्हणाले. आवाजात राग नव्हता, नवल होतं. “मग सकाळी त्ये प्यादं मागं का न्हाई घेतलंस?”

मुलाने पंचांकडे पाहिलं.

“म्या फोटोपुरतं सरकवलं. म्हणलं, घेईल मागं. म्हणून बसलो वाईच. तू घेईना. ह्ये मास्तर काय बोलंनात.” पंचांनी पुस्तक मिटलं. “आन् समोर बसलेलं ह्ये काका, शहाणं मानूस, मान डोलवायला लागलं! म्हणलं, गड्या, आपली चाल लई भारी पडली जणू. तिकडं वैरागला दुकानाची फीत कापायची हुती. फोन करून सांगितलं, कापा तुमची तुमी, मी हितं डावात हाय.”

कुणी हसलं नाही, कारण हसायचं कुणाला हे कुणालाच कळलं नाही. माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. मी आयुष्यभर टोप्या-फेट्यांची टिंगल करत आलो, आणि या माणसाला खेळाडू बनवण्यात माझ्या मानेचाही वाटा होता.

अध्यक्षांनी राजा उचलला, जिथून घेतला होता त्या घरात नीट मधोमध ठेवला, मग स्वतःची खुर्ची स्वतः उचलली. दोन शिपाई धावले. त्यांना त्यांनी हाताने थांबवलं. खाली पाचव्या रांगेत जाऊन बसले.

पंचांनी मला घड्याळात दोन मिनिटं वाढवून दिली. मला नव्हे, पंचांना बरं वाटावं म्हणून.

आणि मग तो पोरगा खेळायला लागला.

इतका वेळ मी ज्याच्याशी खेळत होतो तो हा नव्हताच. याने बाह्या वर केल्या, एकदाही वर पाहिलं नाही, आणि तिसऱ्या चालीला मला हत्ती फुकट देऊ केला. मी आधी आनंदाने आणि मग संशयाने बघितलं. घेतला नाही तर पंचाईत, घेतला तर माझ्या राजापुढची भिंत कोसळणार. मी घेतला. भिंत कोसळली. त्याचा वजीर आत शिरला. कडेला पडून राहिलेला तो घोडासुद्धा उड्या मारत आला. मोठेपणा दाखवून जेमतेम वीस मिनिटं झाली होती आणि मी चार ओळींच्या त्या तक्रारीची मनात शब्दरचना करू लागलो होतो.

दोन चालींत मात होती. मला दिसत होती, त्याला दिसत होती, कॅप्टनला तर आधीच दिसली होती, कारण तो पायरीवर बसला होता, डोकं धरून.

माझ्याकडे एकच गोष्ट उरली होती: त्याच्या राजाच्या अंगणातला तो तिरपा दरवाजा. उंटापुढचं प्यादं जागेवर असतं तर तो बंद असता. मी वजीर पटाच्या कडेला नेला आणि त्या वाटेने शह दिला. राजा बाजूला सरकला. मी दुसरीकडून शह दिला. राजा परत आला. पुन्हा शह. पुन्हा बाजूला. त्याला निसटायला जागा नव्हती आणि मला थांबायला सवड नव्हती. थांबलो की मात. तीच स्थिती तीनदा आली की बरोबरी, म्हणजे अर्धा गुण, मागता येतो. ती तिसऱ्यांदा आली, तेव्हा मी पंचांना बोलावलं. मुलगा पटाकडे पाहत राहिला, मग एकदम हसला आणि त्याने हात पुढे केला.

“काका, त्या प्याद्यानं घात केला की.”

“तुझा,” मी म्हणालो. “आमचा उद्धार केला.”

कॅप्टन व्यासपीठावर चढला तो थेट माझ्या गळ्यात. दीड गुण झाला होता.

समारोपाला अध्यक्ष पुन्हा माइकपाशी आले. त्यांनी पंचांना विचारलं, “कोण जिंकलं?”

“बरोबरी, साहेब.”

“म्हंजी सकाळधरनं बसून दोघंबी हायत तितंच?”

“हो.”

“बरं झालं,” ते म्हणाले, आणि जीवनावर काही न बोलता खाली उतरले. त्यांचं इतकं चांगलं भाषण मी दुसरं ऐकलेलं नाही.

त्या मुलाची मला काळजी होती. सोमवारी त्याला केबिनमध्ये बोलावणं आलं. तो घामाघूम होऊन गेला, तर टेबलावर पट मांडलेला. अध्यक्ष म्हणाले, बस, देशी डाव शिकवतो. जूनमध्ये त्याची मुलाखत नेहमीप्रमाणे झाली आणि नेमणूक नेहमीप्रमाणे तासिका तत्त्वावरच झाली. कायम वगैरे कुणी केलं नाही, पण काढलंही नाही. मध्ये बाजारात भेटला. मी विचारलं, “त्यांच्याशी हरतोस की नाही मुद्दाम?” म्हणाला, “पहिल्यांदा हरलो. तर म्हणले, पुन्हा असं केलंस तर तास काढून घेईन. आता खराच हरतो. ती उडी लक्षातच राहत नाही हो.”

खोलीचं सांगायचं राहिलं. वाचनालयाच्या समितीपुढे आम्ही निकालाचा कागद ठेवला. चिटणीसांनी तो दोनदा वाचला.

“अव्वल गटात राहिलात?”

“राहिलो.”

“कितीने?”

“अर्ध्या गुणाने,” कॅप्टन अभिमानाने म्हणाला. तिथे त्याने तोंड मिटून ठेवायला हवं होतं.

समितीने चर्चा केली. हास्यक्लबाचे प्रमुख बाहेर बाकावर बसले होते. त्यांचंही मन मोडवत नव्हतं. अखेर ठराव झाला तो असा की, संघ अर्ध्या गुणाने टिकलेला असल्यामुळे त्यास रविवारची अर्धी वेळ देण्यात यावी. सूचक, अनुमोदक, एकमताने मंजूर.

त्यामुळे आता आठ ते दहा ते हसतात आणि दहापासून आम्ही विचार करतो. ते वेळेवर उठत नाहीत. शेवटचा हास्यप्रकार लांबत जातो, आणि आम्ही पट काखेत घेऊन जिन्यात उभे राहतो. मागच्या रविवारी कॅप्टनने दार ठोठावलं, तर आतून प्रमुख म्हणाले, “आत या की, जागा आहे.” आम्ही गेलो. हात वर करून, पोट धरून, पंधरा माणसांबरोबर मीही हसलो. सुरुवात जरा अवघड गेली. मग जमलं.